गोठा आणि मेंढवाडा : तुमची पत्रं, माझी उत्तरं

मंडळी, थंडी पडायला लागली की पत्रं वाढतात हे मी दरवर्षी बघते, कारण म्हशी याच दिवसांत व्यालेल्या असतात, बरसीम नुकतं हाताशी आलेलं असतं, मारवाडातले मेंढीवाले माळव्यात उतरलेले असतात आणि पहाटे चारला उठून धार काढायला बोटं वळत नाहीत. यावेळी पाच पत्रं घेतलीत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मी डॉक्टर नाही, इंदूरला सांवेर रोडकडे आमचा गोठा आहे, म्हशी, दोन गाई आणि चाळीसेक मेंढ्या, तीस वर्षं हेच करतेय, आणि जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे डॉक्टरांनाच बोलवा म्हणून सांगते.

काकू, आमच्या म्हशीचं फॅट दिवाळीपर्यंत 7 लागायचं, आता पंधरा दिवसांपासून 5.6, 5.8 वर आलंय. दूध उलट अर्धा लिटर वाढलंय. सासूबाईंना वाटतं सेंटरवाला काटा मारतो, मिस्टर म्हणतात म्हशीला काहीतरी झालंय, आणि दोघांच्या मध्ये मी. बरसीम भरपूर घालतोय, पारडी चांगली आहे. — एक सून, हातोद

बाई गं, तुझ्या पत्रातच उत्तर आहे, बघ, शेवटच्या ओळीत लिहिलंयस बरसीम भरपूर घालतोय. म्हशीच्या दुधातलं फॅट तयार होतं ते बरंचसं चाऱ्यातल्या तंतूपासून, म्हणजे तिने भुसा, कडबा खाल्ला, निवांत बसून रवंथ केलं, पोटात ते आंबलं की त्यातून फॅटचा कच्चा माल मिळतो. डिसेंबरातलं बरसीम म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच, कोवळं, लुसलुशीत, दोनदा चावलं की पोटात. दूध वाढतं पण फॅट पडतं. आमच्याकडे पण पहिल्या कापणीच्या वेळी दर वर्षी असंच व्हायचं आणि मीपण पहिली दोन-तीन वर्षं सेंटरवाल्याशीच भांडले.

तर उद्यापासून असं कर की बरसीम कापून आणलं की दोन-तीन तास ऊन्हात सुकू दे, मग गव्हाचा भुसा नाहीतर ज्वारीचा कडबा मिसळून घाल, आणि सकाळी पहिला घास कोरडाच असू दे. उपाशी पोटी ओलं बरसीम घातलं तर फॅटचं राहू दे, पोट फुगून जनावर हातचं जाईल. कुट्टी मशीनवर फार बारीक करू नकोस, बारीक केलं की रवंथ कमी होतं. मक्याचा भरडा आणि आटा वाढवला असेल तर तोपण कमी कर, त्याने पोट आंबतं आणि फॅट अजून खाली जातं, सरकीची खली (पेंड) असेल तर ती चालू ठेव. फरक दुसऱ्या दिवशी दिसणार नाही, आठ-दहा दिवस दे.

आता दुसरी गोष्ट, पारडी कधी पाजता हे तू लिहिलं नाहीस. बऱ्याच घरी असं असतं की आधी पारडीला लावून पान्हा घ्यायचा, मग धार काढायची आणि शेवटचं थोडं परत पारडीसाठी सोडायचं. पण पहिल्या धारांमध्ये फॅट अगदी कमी असतं आणि शेवटच्या धारांमध्ये त्याच्या कितीतरी पट, म्हणजे साय सगळी पारडीच्या पोटात आणि सेंटरवर पातळ. मी हे सांगतेय म्हणून तिला उपाशी ठेवू नकोस, एक सड पूर्ण तिचं ठेव आणि बाकीचे तीन शेवटच्या थेंबापर्यंत मोकळे कर. धारेच्या वेळा पण बघ, संध्याकाळी पाच आणि सकाळी सात म्हणजे रात्रीचे चौदा तास झाले, त्या दुधाचं माप जास्त भरणार आणि फॅट कमी लागणार.

राहिले सासूबाई. त्यांच्या शंकेत काही चूक नाही, 1946 साली खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आणंदला आपला संघ काढला तोच मुळी दुधाला भाव नीट मिळत नव्हता म्हणून. फक्त भांडायच्या आधी तपासा. केटलीतलं दूध नमुना घेताना खालवर ढवळलंय का बघा, कारण वाटेत साय वर येते आणि ढवळलं नाही तर आकडा कसाही लागू शकतो. एकाच दुधाचे दोन नमुने करून एक तुमच्या सेंटरवर आणि एक दुसरीकडे, त्याच दिवशी तपासून घ्या. चार-पाच दिवस दोन्ही आकडे वहीत लिहा, फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दोन्ही. फॅट पडून एसएनएफ नेहमीसारखं असेल तर बहुतेक चाऱ्याचाच प्रश्न, दोन्ही पडले असतील आणि केटलीत पाणी गेलं नसेल तर कास दाबून बघा, दगडीची, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाची, सुरुवात असू शकते. आणि दोन सेंटरच्या आकड्यांत रोजच मोठा फरक दिसला तर मग सासूबाईंनाच पुढे करा, वही घेऊन.

नमस्कार काकू. माझ्याकडे दोन गाई आणि तेवीस मेंढ्या होत्या, आता वीस. गाईंसाठी आणलेलं मिनरल मिक्स्चर दोन-अडीच महिने मेंढ्यांनापण भरड्यात घालून देत होतो, वजन चांगलं येईल म्हणून. मागच्या आठवड्यात टेम्पोने दुसऱ्या शेतावर नेल्या आणि तिसऱ्या दिवसापासून दोन दिवसांत तीन गेल्या. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. गाई ठणठणीत आहेत. घरचे म्हणतात विकून टाक, मित्र म्हणतात बी.एस्सी. करून गाडरं चारतो. — वय 26, मानपूर

बाळा, तुझं पत्र मी रात्री वाचलं आणि तेव्हाच फोन करायला सांगितला, कारण हे उत्तर छापून यायची वाट बघण्यासारखं नव्हतं. पण बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहिते कारण गाई-म्हशींबरोबर मेंढ्या ठेवणाऱ्या कितीतरी घरी ही चूक होते आणि ती कोणी मुद्दाम करत नाही, चांगलं करायला जाऊनच होते.

गाई-म्हशींच्या मिनरल मिक्स्चरमध्ये तांबं असतं. त्यांना ते लागतं, कमी पडलं तर माज नीट येत नाही, केसांचा रंग उडतो. मेंढीला पण लागतं पण अगदी चिमूटभर, आणि जास्तीचं तांबं बाहेर टाकायची ताकद तिच्यात गाईसारखी नाही. मग ते तिच्या यकृतात साठत राहतं, आठवडे नाही तर महिने, आणि त्या सगळ्या काळात मेंढी खाते, पिते, पळते, बघणाऱ्याला वाटतं अंग धरतेय. मग एक दिवस तिला कसला तरी ताण पडतो, टेम्पोचा प्रवास, लोकर कातरणं, कुत्रं मागे लागणं, चार दिवस पोट रिकामं राहणं, की साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून डोळे पिवळे, म्हणून लघवी तशी, आणि म्हणूनच टेम्पोनंतर तिसरा दिवस. गाईंनी तेच खाल्लं आणि त्या ठणठणीत, हीच मोठी खूण.

तरी मी खात्री पत्रावरून देत नाही, पिवळे डोळे आणि लाल लघवी गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही होते. तुझं गाव महूपासून लांब नाही, तिथलं पशुवैद्यकीय कॉलेज 1955 पासून आहे, पुढची मेली तर (न मरो) पुरू नकोस, लगेच शवविच्छेदनासाठी घेऊन जा. आमच्या वेळी डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं होतं, यकृत हळदीसारखं पिवळं आणि मूत्रपिंड काळंनिळं, बंदुकीच्या नळीच्या रंगाचं. ते दृश्य मी विसरले नाही. आमच्याकडे मिनरल मिक्स्चरने नव्हतं झालं, मोरचुदाने झालं, मोरचूद म्हणजेपण तांबंच. पावसाळ्यात इथल्या काळ्या मातीत मेंढ्यांचे खूर सडतात, बोटांमधे घाण वास येतो, लंगडतात, म्हणून मी मोरचुदाचं पाणी पसरट टोपल्यात करून त्यातून त्यांना चालवायचे, आणि पाणी तसंच ठेवून द्यायचे दुसऱ्या दिवसासाठी. तहानलेल्या मेंढ्या ते प्यायल्या. दोन गेल्या. त्यानंतर मी खुरांसाठी झिंक सल्फेट वापरते, आणि काम झालं की पाणी तिथल्या तिथे खड्ड्यात ओतून वर माती लोटते.

तुझ्या वीस मेंढ्यांसाठी आता एवढं कर. मिक्स्चर आजच बंद, आणि भरडा कोंबड्यांच्या खाद्याचा किंवा खताचा असेल तर तोपण, त्यातही तांबं असतं. पुढचे दोन महिने त्यांना पळवू नकोस, कातरू नकोस, टेम्पोत घालू नकोस, बाजारात नेऊ नकोस. म्हणजे घरचे म्हणतात तसं विकायला काढल्यास तर वाटेतच अजून मरतील. डॉक्टरांना तांब्याचा संशय स्पष्ट बोलून सांग, त्यावर मॉलिब्डेनमची औषधं असतात, पण ती मोजून त्यांनीच द्यायची. 1962 या नंबरावर फोन केलास तर जनावरांच्या डॉक्टरांची गाडी दारात येते. यापुढे मेंढ्यांचं वेगळं, बिनतांब्याचं मिक्स्चर घे किंवा नुसतं मीठ टांगून ठेव. गाईंचं मात्र बंद करू नकोस, आणि पोत्यावर खडूने मोठ्ठं लिही, गाई, कारण तू घरी नसशील तेव्हा घालणारा दुसरा असेल.

आणि मित्रांचं. हे इंदूर ज्या होळकरांनी उभं केलं त्यातले मल्हारराव धनगराच्या घरी जन्मले, मामाकडे मेंढरं राखत वाढले. तुझ्या तीन मेंढ्या गेल्या त्या माहिती नसल्याने गेल्या, त्यात लाज काय. तू त्यांची लघवी कुठल्या रंगाची होती हे लक्षात ठेवलंस, टेम्पो कुठल्या दिवशी नेला हे लिहिलंस, दहा वर्षं मेंढ्या ठेवणारे पण एवढं बघत नाहीत. ठेव मेंढ्या.

आमची गाय या आठवड्यात व्यायेल. शेजारपाजारी, नातेवाईक सगळ्यांनी आत्तापासून चीक सांगून ठेवलाय, खरवसासाठी. पहिल्या दिवसाचाच चीक घट्ट होतो म्हणून पहिलाच पाहिजे. नाही कसं म्हणायचं? — सुदामानगरातून, शेत सिमरोलला

म्हणायचं, वासरू पिऊन उरला तर देते. बस. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची काहीच शिदोरी नसते, ती सगळी चिकात असते, आणि ती शिदोरी त्याच्या आतड्यातून रक्तात जायचं दार पहिले काही तासच नीट उघडं असतं, दिवस उलटेपर्यंत जवळजवळ बंद. म्हणून पहिल्या तासाभरात पोटात गेला पाहिजे, वार (व्याल्यानंतर पडणारी झिल्ली) पडायची वाट बघत बसू नका (कितीतरी घरी अजून बसतात, वार पडल्याशिवाय सड धरू देत नाहीत, आणि वासरू तोवर थंडीत कुडकुडत पडलेलं). वजनाचा दहावा हिस्सा पहिल्या चोवीस तासांत, म्हणजे पंचवीस किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर, तीन-चार वेळा मिळून. संकरित गाय असेल तर त्यानंतरही पुष्कळ उरतो, तो वाटा, खुशाल वाटा. दुसऱ्या दिवसाच्या चिकात थोडं दूध कमी घातलं की खरवस तेवढाच घट्ट होतो, वेलदोडा-केशर घालून वाफवा, कुणाला कळणार नाही.

वार आठ-बारा तासांत पडते. नाही पडली तर तिला दगड, चप्पल काही बांधू नका, ओढू नका, डॉक्टरांना बोलवा.

शेतात गहू पेरलाय, पण अर्धं शेत रिकामं आहे. राजस्थानचे गाडरवाले उंट घेऊन आलेत, तीनशे मेंढ्या चार रात्री बसवायला तयार आहेत. गोठ्यातल्या म्हशींना त्यांच्यापासून रोग लागेल का? — देपालपूर

बसवा. मेंढ्यांची लेंडी आणि मूत थेट मातीत मुरतं, त्याच्यासारखं खत विकत मिळत नाही. पुढच्या पिकाला तुम्हालाच दिसेल, मेंढ्या बसल्या तेवढा पट्टा वेगळा हिरवा. रोगाचं म्हणाल तर लाळ्या-खुरकूत मेंढीकडून म्हशीला येऊ शकतं, म्हणून तुमच्या म्हशींची सहा महिन्यांची लस झालेली असावी आणि कळप गोठ्यापासून लांबच्या टोकाला असावा. पाण्याचा हौद वेगळा. आलेल्या दिवशी तोंडाला फेस, लंगडणं, नाक वाहणं असं काही दिसलं तर आपुलकीने पण स्पष्ट नाही म्हणा. ती माणसं घर सोडून महिनोन्महिने चालत आलेली असतात हो, बायकापोरांसकट. ठरलेले पैसे किंवा धान्य वेळेवर द्या आणि जवळ कुठे हातपंप चालू आहे तेवढं सांगा.

काकू, आमची म्हैस तिसऱ्या वेताची, दहा दिवसांपूर्वी व्याली, रेडकू आठव्या दिवशी गेलं, हगवण लागून. तेव्हापासून ती पान्हाच सोडत नाही. दोन दिवस ओरडत होती, आता ओरडतही नाही. कास भरलेली असते आणि हातात पाव लिटर येतं. गावातला एक जण म्हणतो इंजेक्शन दे, दोन मिनिटांत दूध उतरेल, सगळे देतात. मला द्यावंसं वाटत नाही पण कर्जाचा हप्ता आहे. — क्षिप्रा गावातून

ताई, नको देऊ. तुला वाटत नाहीये ते बरोबरच वाटत नाहीये. त्या बाटलीत ऑक्सिटोसिन असतं, जे म्हैस खुश असली, रेडकू ढुसण्या देत असलं की तिच्याच मेंदूतून सुटतं आणि कासेतलं दूध खाली येतं. रोज बाहेरून टोचत गेलं की तिला स्वतःहून सोडायची सवय उरत नाही, मग सुईशिवाय थेंब नाही. आणि कायद्याने पण बंदी आहे, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा जो कायदा आहे त्यात दूध काढायला असलं अपायकारक इंजेक्शन टोचणं हा गुन्हाच आहे. सगळे देतात म्हणजे कोण देतात, त्यांच्या म्हशी किती वेतं टिकतात ते विचार एकदा.

ती दूध चोरत नाहीये, तिचं सुटतच नाहीये. भीती वाटली, दुःख झालं, अनोळखी हात लागला की शरीर तो पान्हा अडवतं. तर धार एकटी तूच काढ, दुसरं कोणी नको, रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. आरडाओरडा नको, कुत्रं बाहेर बांध. आधी पुढ्यात तिच्या आवडीचा बांटा ठेव, गूळ घालून, म्हणजे तोंड कामाला लागेल. मग कोमट पाण्यात फडकं पिळून कास पुसत राहा, रेडकू जसं डोक्याने खालून ढुसण्या देतं तशा तळहाताने हलक्या ढुसण्या दे, सड बोटांनी चोळ. गाय मिनिटभरात पान्हावते, म्हैस वेळ घेते, दोन मिनिटं, तीन मिनिटं, तुझ्या म्हशीला कदाचित दहा लागतील. सड कडक आणि फुगलेले झाले की आला समज, आणि मग थांबायचं नाही, पाच-सात मिनिटांत सगळं काढायचं कारण तो जोर तेवढाच वेळ टिकतो. अंगठा दुमडून त्याने सड दाबत काढू नकोस, पूर्ण मुठीने काढ, तिला दुखलं तर उद्या पुन्हा नाही म्हणेल.

पहिल्या दिवशी अर्धा लिटर आलं तरी चालेल. कास मात्र तुंबून ठेवायची नाही, दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं काढ, नाहीतर दगडी होईल आणि मग खरंच हप्त्याचे वांधे. रोज पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर घे, गुठळ्या दिसल्या, सड गरम लागला तर त्याच दिवशी डॉक्टर. अँटिबायोटिक दिलं तर ते सांगतील तेवढे दिवस दूध सेंटरला नाही, घरीपण नाही. धार झाली की लगेच चारा टाक म्हणजे अर्धा तास ती उभी राहील, सडांची तोंडं तेवढा वेळ उघडी असतात आणि ती शेणात बसली की जंतू थेट आत.

कर्जाचं, बँकेत जाऊन लेखी दे की रेडकू गेलं, दूध बसलं, हप्ता एक महिना पुढे द्या. गप्प राहून हप्ता चुकवण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, आणि म्हशीचा विमा असेल तर कानातल्या टॅगचा बारा आकडी नंबर हाताशी ठेव.

आमच्याकडे एकदा असंच झालं होतं, जाफराबादी होती, रेडकू गेलेलं. पाच दिवस मी रोज पहाटे तिच्याजवळ जाऊन नुसती मानेखाली खाजवत बसायचे, धारेची बादली मागे लपवून. सहाव्या दिवशी तिने वळून माझा दंड चाटला, सगळी बाही ओली केली, आणि मी हात खाली नेला तर सड टम्म झालेले. तुझी कधी वळते ते मला कळव, पत्र नको, फोनच कर.